पूररेषा आणि आपली मिळकत : प्रस्तावना

महाराष्ट्रात जमीन अथवा घर खरेदी करणारा माणूस कागदपत्रांच्या बाबतीत सहसा गाफील नसतो. सातबाऱ्याचा उतारा तो पाहतो, फेरफाराच्या नोंदी मागे जाऊन वाचतो, शहरातली मिळकत असेल तर सिटी सर्व्हेच्या कचेरीतून मिळकत पत्रिका काढून आणतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेववतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो. बोजा आहे की नाही, कुळाचा हक्क लागतो की नाही, वाटणीत कोणा बहिणीचे नाव राहून गेले आहे की काय, या साऱ्याची रुजवात केल्यावाचून तो दुय्यम निबंधकासमोर सही करीत नाही. आणि इतके सारे करूनही, नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या जमिनीवर पावसाळ्यात पाणी किती उंच चढते, हा प्रश्न त्या संपूर्ण दफ्तरात एकाही ठिकाणी विचारलेला नसतो.

याचा दोष खरेदीदाराच्या बुद्धीला देता येत नाही. आपले महसुली दफ्तर ज्या हेतूने निर्माण झाले, त्या हेतूत हा प्रश्न बसतच नव्हता. जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचे अधिकार आणि तिची आकारणी किती, हे सांगण्यासाठी गाव नमुना सात सिद्ध झाला. तीत पीक कोणते उभे आहे, हे सांगण्यासाठी गाव नमुना बारा. लागवडीस निरुपयोगी असलेला भाग पोटखराबा म्हणून वेगळा दाखवला जातो खरा. पण नदीकाठची मळी, जी दर पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि म्हणूनच जिच्यात ऊस आणि भाजीपाला जोमाने येतो, ती पोटखराब्यात पडत नाही. गावातली उत्कृष्ट जमीन म्हणूनच तिची ख्याती असते. पुढे केव्हातरी याच मळीला बिनशेतीचा हुकूम मिळतो, तिचे भूखंड पडतात, आणि त्या हुकुमावरचा कचेरीचा शिक्का पाहून खरेदीदार असा समज करून घेतो की, सरकारने ही जागा राहण्यास निर्धोक ठरवली आहे. वस्तुतः त्या हुकुमाने जमिनीचा वापर तेवढा बदललेला असतो, तिची उंची बदललेली नसते. आणि हुकुमाच्या शर्तींत पूररेषेचा उल्लेख कोठे असलाच, तरी त्या शर्ती तिसऱ्या-चौथ्या खरेदीखतापर्यंत पोचतातच असे नाही.

पाण्याच्या उंचीचे ज्ञान आपल्याकडे अस्तित्वात आहे. ते महसूल खात्याच्या दफ्तरात नसून जलसंपदा विभागाच्या, म्हणजे पूर्वीच्या पाटबंधारे खात्याच्या, कार्यकारी अभियंत्याच्या कचेरीत आणि नगररचना कार्यालयाच्या आराखड्यांत आहे. आणि ते नकाशाच्या रूपात असल्यामुळे, ज्याला नकाशा वाचण्याचा सराव नाही त्याला ते समोर असूनही दिसत नाही. हा सराव सामान्य मिळकतदाराला व्हावा, त्याने नगररचना कार्यालयात जाऊन भाग नकाशा मागावा, त्यावर आपला गट क्रमांक शोधावा आणि निळ्या व तांबड्या रेषांचा अर्थ स्वतः लावावा, एवढ्याच उद्देशाने प्रस्तुत पुस्तक लिहिले आहे. विषय अभियांत्रिकीचा असला तरी त्यातले जे एका गृहस्थाला कळणे आवश्यक आहे ते साध्या भाषेत सांगता येते, अशी माझी खात्री आहे, आणि ते कळल्यावाचून नदीकाठी घर बांधू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पूरप्रवण प्रदेशाचे विभाग पाडून त्यांतील बांधकामाचे नियमन करावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. केंद्र सरकारने १९७५ साली या विषयावरील आदर्श विधेयकाचा मसुदा राज्यांकडे पाठवला. परंतु मणिपूर, राजस्थान आणि पुढे उत्तराखंड अशी मोजकी राज्ये वगळता कोणी तसा कायदा केला नाही, आणि महाराष्ट्रानेही तो केला नाही. महाराष्ट्राने वाट धरली ती परिपत्रकाची. पाटबंधारे विभागाने १९८९ साली पूररेषा आखण्याविषयी जे परिपत्रक काढले, त्यातून आज सर्वत्र ऐकू येणारी निळ्या आणि लाल रेषेची परिभाषा रूढ झाली. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचे पाणी जेथवर पोचते ती निळी पूररेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचे पाणी जेथवर पोचते ती लाल पूररेषा, असा तिचा स्थूल आशय आहे. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे ते निषिद्ध क्षेत्र, आणि निळ्या व लाल रेषांमधले ते नियंत्रित क्षेत्र. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये होणाऱ्या विकास आराखड्यांत या रेषा उतरतात, आणि २०२० साली लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने त्यांचे परिणाम पुष्कळसे स्पष्ट केले आहेत: निषिद्ध क्षेत्रात उद्यान, मोकळे मैदान, वाहनतळ, स्मशानभूमी अशाच वापरांना मुभा, आणि नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करावयाचे तर ते लाल रेषेच्या पाणीपातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंच ठेवण्याची अट.

या शेवटच्या अटीकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण साऱ्या विषयाची किल्ली तीत आहे. नियम येथे अंतर मोजत नाही. तो उंची मोजतो. लोकांच्या बोलण्यात मात्र पूररेषा ही नेहमी अंतराच्या रूपाने येते: ‘आपला प्लॉट नदीपासून तीनशे मीटर लांब आहे’, ‘मध्ये रस्ता आहे’, ‘मध्ये अख्खी कॉलनी आहे’, ‘ब्लू लाईन पलीकडच्या गल्लीतून जाते’. नकाशा हा सपाट कागद असल्यामुळे त्यावरची रेषा शेताच्या बांधासारखी किंवा गावाच्या शिवेसारखी भासते, आणि बांधाच्या अलीकडे राहणारा माणूस जसा निश्चिंत असतो तशी निश्चिंती रेषेच्या बाहेरचा माणूस अनुभवतो. पण पूररेषा म्हणजे एका विशिष्ट पुराच्या वेळी पाण्याचा जो पृष्ठभाग निर्माण होईल असे गणिताने ठरवले आहे, तो पृष्ठभाग जेथे जमिनीला टेकतो त्या सर्व बिंदूंची मालिका होय. तेव्हा एखाद्या भूखंडाचा प्रश्न तो नदीपासून किती दूर आहे असा नसून, त्याच्या शेजारून पुराचे पाणी ज्या पातळीवरून वाहील, त्या पातळीपेक्षा त्याची जमीन किती उंच वा किती सखल आहे, असा आहे.

हे कोल्हापूरकरांना समजावून सांगावे लागत नाही. पंचगंगेचे मुख्य पात्र शहराच्या वायव्येला, शिवाजी पुलापाशी. आणि तरीही महापूर आला की पाणी जयंती नाल्याच्या वाटेने उलटे चढत शाहूपुरीत आणि व्हीनस कॉर्नरला येऊन उभे राहते, जेथून नदी दिसतही नाही. नाला जो एरवी शहराचे पाणी नदीला नेऊन देतो, तोच नदीची पातळी नाल्याच्या पातळीवर चढली की नदीचे पाणी शहरात आणून सोडतो. नदीकाठच्या पण उंच कडेवर वसलेल्या घराला पाण्याचा स्पर्श होत नाही आणि एक किलोमीटर आत, सखलात वसलेल्या घराचा तळमजला बुडतो, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याला अंतराचा भरवसा कधीच वाटणार नाही. नकाशा वाचताना म्हणूनच नदीच्या आधी ओढे आणि नाले शोधावेत, आणि आपल्या भूखंडाला सर्वांत जवळचा नाला पुराच्या वेळी कोणत्या दिशेने वाहतो याची चौकशी करावी.

ही रेषा आखली कशी जाते, याची थोडी कल्पना असणे आवश्यक आहे, कारण तिच्यावर किती विसंबावे हे त्यावरूनच ठरते. नदीच्या पात्राचे ठराविक अंतरांवर आडवे छेद घेतले जातात; जलमापन केंद्रांवरच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून पंचवीस वर्षांच्या आणि शंभर वर्षांच्या वारंवारितेचा विसर्ग ठरवला जातो; वर धरण असेल तर त्याच्या सांडव्यातून येणारे पाणी हिशेबात धरले जाते; पात्राचा उतार, त्याचा खडबडीतपणा, वाटेतले पूल आणि बंधारे यांचा विचार करून तो विसर्ग प्रत्येक छेदापाशी कोणत्या पातळीने वाहील हे गणिताने काढले जाते; आणि मग त्या पातळ्या समोच्च रेषांच्या आधारे जमिनीवर उतरवल्या जातात. यांतला प्रत्येक टप्पा म्हणजे एक अनुमान आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषांमधले अंतर साधारणतः वीस मीटर असते; कोल्हापूर-सांगलीच्या सपाट खोऱ्यात जेथे एक-दोन मीटरांच्या फरकाने शेकडो घरांचे भवितव्य बदलते, तेथे असल्या नकाशाचा काही उपयोग नाही, आणि म्हणून पूररेषेसाठी स्वतंत्र, सूक्ष्म सर्वेक्षण करावे लागते. ते सर्वेक्षण कोणत्या साली झाले, हे नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. वाचकाने रेषेच्याही आधी ती अक्षरे वाचावीत. सर्वेक्षणानंतर त्या पट्ट्यात महामार्गाचा भराव पडला असेल, नवा पूल झाला असेल, नाला बुजवून त्यावर गाळे उभे राहिले असतील, तर नकाशातली रेषा ज्या नदीची आहे ती नदी आता तेथे उरलेली नाही.

दुसरी अडचण पातळीच्या परिमाणाची. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून आणि आकाशवाणीवरून आपण जे आकडे ऐकतो ते फुटांचे असतात: कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, सांगलीला आयर्विन पुलापाशी ४० फूट आणि ४५ फूट. हे फूट त्या त्या ठिकाणच्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात. आपल्या अंगणातल्या पाण्याच्या खोलीशी त्यांचा सरळ संबंध नसतो, आणि दोन गावांच्या आकड्यांची परस्परांशी तुलनाही करता येत नाही. उलट पूररेषेच्या नकाशावरच्या पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या मीटरांत असतात. कोल्हापूर शहरच मुळात साडेपाचशे मीटरांच्या आसपास असल्यामुळे तेथील नकाशावर पाचशेच्या घरातले आकडे दिसतात आणि सामान्य माणूस गोंधळून जातो. ही दोन परिमाणे जुळवण्याचा मार्ग एकच: आपल्या घराच्या जोत्याची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा जाणकार सर्वेक्षकाकडून मोजून घ्यावी, ती भिंतीवर टिकाऊ रंगाने लिहून ठेवावी, आणि मग राजाराम बंधाऱ्यावर वा आयर्विन पुलावर अमुक फूट असताना पाणी आपल्या जोत्याला लागले, अशी नोंद प्रत्येक पुराच्या वेळी तिच्याशेजारी करीत जावी. दोन-तीन पुरांच्या अशा नोंदी ज्या घरात आहेत, त्या घराला बातमीतला आकडा ऐकताच सामान केव्हा हलवायचे हे कळते. आणि मध्यरात्री कळण्यापेक्षा आदल्या दुपारी कळणे, यात किती मोठा फरक आहे हे पूर पाहिलेल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे.

आता ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाविषयी, ज्याने जितकी दिशाभूल केली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या शास्त्रीय संज्ञेने केली असेल. तो ऐकून मनात असे चित्र उभे राहते की, एकदा मोठा पूर येऊन गेला म्हणजे आता पंचवीस वर्षांची सवड मिळाली. वस्तुस्थिती अशी की, त्या आकाराचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात चार आहे, आणि गेल्या वर्षी तो आला होता म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. वीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतलेल्या माणसाचा हिशेब केला, तर कर्ज फिटण्यापूर्वी निदान एकदा तरी पाणी त्या पातळीला पोचण्याची शक्यता शंभरात ५६, म्हणजे निम्म्याहून अधिक ठरते. आणि तीस वर्षांच्या वास्तव्यात ती ७१ होते. ज्या लाल रेषेबाहेर आपण पूर्ण सुरक्षित समजतो, तिच्या नेमक्या काठावरच्या घरालाही तीस वर्षांत एकदा पाणी लागण्याची शक्यता शंभरात २६ आहे. चारांपैकी एक घर. इतक्या शक्यतेचा धोका आपण दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात डोळे मिटून पत्करत नाही. आणि हे गणितही नदी पूर्वीप्रमाणेच वागेल असे गृहीत धरून केलेले आहे. कोल्हापूर आणि सांगली या दोन शहरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सतरा पावसाळ्यांच्या आत पाहिले. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांपलीकडे गेली आणि कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढली. २००५ साली सांगलीत कृष्णा ५३ फुटांच्या पुढे गेली होती, आणि त्या पाण्याची खूण भिंतीवर काढून तिच्यावर हातभर अंतर राखत ज्यांनी घरे बांधली, त्या सर्वांना २०१९ च्या पाण्याने तीन फुटांहून अधिक उंच जाऊन गाठले.

मोठ्या पुराची खूण हीच अंतिम मर्यादा मानण्याची ही जी प्रवृत्ती, तिच्यामागे अनुभवाचे बळ असते म्हणून ती मोडणे कठीण. मी अनुभवाची किंमत कमी लेखत नाही. आपल्या पूर्वजांनी पूर मोजण्याची साधने नदीतच उभी केली होती. नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती आजही शहराचे जलमापक आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, यावरून पेठेतले व्यापारी माल हलवण्याचा निर्णय घेत आले आहेत. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते तेव्हा भाविक तो सोहळा मानून स्नानाला उतरतात, आणि पाणी त्याहून चढले की उत्सवमूर्ती उंचावरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. नदी घरात येणार हे तेथे गृहीत आहे. त्यासाठीची व्यवस्था ठरलेली आहे. आपल्या खेड्यांच्या रचनेतही पांढरी आणि काळी हा भेद होता: वस्ती पांढरीवर, म्हणजे उंचवट्यावर, आणि शेती काळीत. गावठाणांचा नकाशा पूररेषेच्या नकाशावर ठेवून पाहावा. जुनी गावठाणे बव्हंशी रेषेबाहेर पडतात, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या वसाहती रेषेच्या आत. सांगलीच्या शामरावनगरासारख्या सखल भागात गुंठ्या-गुंठ्याने जी वस्ती वाढली, ती राहणाऱ्यांच्या अविचाराने वाढली नाही. उंचावरची जमीन त्यांना परवडणारी नव्हती आणि सखल जमीन कोणीतरी विकावयास काढली होती, म्हणून ती वाढली. त्या माणसांना पूररेषा ओलांडणारे अतिक्रमक म्हणून संबोधणे मला अन्यायाचे वाटते. विक्रीच्या वेळी त्यांच्यापुढे हा नकाशा कोणी ठेवला नव्हता.

नकाशात जेथे रेषाच नाही तेथे धोका नाही, असा जो समज आहे तो सर्वांत घातक आहे. पूररेषा आखल्या गेल्या त्या प्रामुख्याने मोठ्या नद्यांच्या, आणि त्याही शहरांलगतच्या पट्ट्यांत. २०१९ च्या २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात जो अनर्थ झाला तो मुठेच्या पुराने झाला नाही. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यात काही तासांच्या पावसाने जे पाणी लोटले त्याने झाला. मुंबईत २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदी हे नाव अनेक मुंबईकरांनी प्रथमच ऐकले. चिपळूणची गोष्ट आणखी निराळी: वाशिष्ठीला सह्याद्रीचा पाऊस येऊन मिळतो, कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेले पाणीही तिच्यातच येते, आणि खाली दाभोळच्या खाडीत भरती असेल तर या साऱ्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही; २०२१ च्या २२ जुलैला शहराची बाजारपेठ ज्या पाण्याखाली गेली ते अशा अनेक कारणांचे मिळून झालेले पाणी होते. पंचवीस आणि शंभर वर्षांच्या दोन रेषांमध्ये हे सगळे मावत नाही. धरणाविषयीही असाच गैरसमज आहे. धरण पुराची तीव्रता काही प्रमाणात रोखते. पण ते भरलेले असताना पाऊस आला तर येईल तेवढे पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि धरणाच्या खालच्या पाणलोटातल्या पावसावर त्याचे काहीच नियंत्रण नसते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की भोगावतीकाठचा शेतकरी जनावरे सोडतो, ते त्याला हे नीट उमगलेले असते म्हणून. आणि पुण्याच्या माणसाला १२ जुलै १९६१ हा दिवस, ज्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, सांगावा लागत नाही. असल्या आपत्तीची गणना तर कोणत्याच पूररेषेत केलेली नसते.

नियंत्रित क्षेत्रात ज्यांची मिळकत आधीच आहे, त्यांच्यासाठी पुस्तकाचा बराच भाग खर्ची घातला आहे, कारण सल्ल्याची सर्वांत जास्त गरज त्यांना आहे. जोते उंच करणे हा पहिला उपाय. पण जोते उंच करणे आणि सगळा भूखंड भराव घालून उंच करणे यांत मोठा भेद आहे. भरावाने अडवलेले पाणी नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याच्या अंगणात जाते, आणि पुढच्या वर्षी शेजारी भराव घालतो. अशा रीतीने एका गल्लीने आपापल्या परीने केलेली सुरक्षितता मिळून सबंध पेठेची पूरपातळी वाढवते. खांबांवर इमारत उचलून खालून पाण्याला वाट ठेवणे हा त्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग. विजेचे मीटर, पाण्याचा पंप, उद्वाहनाची यंत्रणा आणि महत्त्वाची कागदपत्रे तळमजल्यावर ठेवू नयेत, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही, तरी पूर ओसरल्यावर नुकसानीच्या पंचनाम्यांत याच वस्तू पुन्हा पुन्हा नोंदल्या जातात. विम्याविषयी एवढेच येथे नमूद करतो की, १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ या नावाची एकसारख्या शर्तींची पॉलिसी मिळते आणि तीत पुराने झालेले नुकसान समाविष्ट आहे. विम्याची रक्कम इमारत पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते, जमिनीच्या बाजारभावावर नव्हे. सरकारी सानुग्रह अनुदानाने घर उभे राहत नाही. ते तातडीच्या निर्वाहासाठी असते, आणि त्याच्या भरवशावर विमा टाळणे हे हिशेबाला धरून नाही.

एका नाजूक प्रश्नाचा उल्लेख केल्यावाचून ही प्रस्तावना अपुरी राहील. पूररेषा प्रसिद्ध झाली की तिच्या आतल्या जमिनीची किंमत उतरते, बांधकामाचे परवाने थांबतात, आणि ज्याने मुलीच्या लग्नासाठी वा वार्धक्यासाठी एक भूखंड राखून ठेवला होता, त्याच्या हातात मोकळी जमीन उरते. त्यामुळे गावोगावी रेषेविरुद्ध हरकती दाखल होतात, निवेदने दिली जातात, फेरसर्वेक्षणाची मागणी होते. त्यांतल्या पुष्कळ हरकती रास्त असतात: सर्वेक्षण जुने असते, एखाद्या उंचवट्याची पातळी चुकलेली असते, एकाच गटाचा अर्धा भाग आत आणि अर्धा बाहेर दाखवताना आखणीचा दोष झालेला असतो. अशा हरकतीला मोजणीचा पुरावा जोडावा आणि ती आराखड्याच्या मुदतीत लेखी द्यावी. तिची दाद लागली पाहिजे, आणि ज्याच्या जमिनीचा उपयोग सर्वांच्या सुरक्षिततेसाठी काढून घेतला जातो त्याला मोबदला मिळण्याची व्यवस्थाही सरकारने केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु मोजणीचा दोष नसताना केवळ किंमत उतरते म्हणून रेषा नदीकडे सरकवण्याची मागणी करणे, हे नुकसान आजच्या मालकाकडून उद्याच्या खरेदीदाराकडे ढकलणे होय, आणि तो खरेदीदार बहुधा आजच्या मालकापेक्षा गरीब असतो. नगरपालिकेतील लोकप्रतिनिधींनी आणि बांधकाम व्यावसायिकांनी या गोष्टीचा विचार स्वतःच्या घराबाबत करावा तितक्याच गांभीर्याने करावा.

पुस्तकाचा क्रम असा आहे की, पहिल्या भागात नकाशातील चिन्हे, प्रमाण आणि पातळी यांचा परिचय, दुसऱ्यात गट क्रमांकावरून भूखंड शोधून त्यावर पूररेषा कशी पडताळावी याची रीत, तिसऱ्यात खरेदीपूर्व चौकशी, आणि चौथ्यात आधीच्या घरांसाठी करावयाच्या सुधारणा येतात. ज्यांचे खरेदीखत अद्याप व्हावयाचे आहे त्यांनी तिसरा भाग आधी वाचावा, आणि विसार देण्यापूर्वी तीन कागद हाती घ्यावेत: नगररचना कार्यालयाचा भाग नकाशा व झोन दाखला, जलसंपदा विभागाकडून त्या गटापाशीची निळ्या व लाल रेषेची लेखी पाणीपातळी, आणि स्वतंत्र सर्वेक्षकाने मोजलेली भूखंडाची उंची. विक्रेता यांपैकी एखादा कागद देण्यास टाळाटाळ करीत असेल, तर तो कागद अर्ज करून स्वतः मिळवावा, आणि तो मिळेपर्यंत व्यवहाराची मुदत वाढवून घ्यावी. पावसाळा जवळ आला असेल तर ती मुदत ऑक्टोबरपर्यंत वाढवावी, आणि मधल्या चार महिन्यांत, नदी धोका पातळीवर असेल त्या दिवशी, त्या जागेवर स्वतः जाऊन उभे राहावे.